भावाच्या नाकातली बाळी

माझ्या भावाचं नाक टोचलं तेव्हा त्याचे पाय मी धरले होते. डोकं आत्यानं धरलं होतं. आई तिथं नव्हती. ती घरामागं दगडावर विळा घासत बसली होती, आणि तो खस्स खस्स आवाज पुढं अंगणापर्यंत येत होता. पोर कळवळून रडायला लागलं तरी तो थांबला नाही, उलट जोरात यायला लागला. मी तेव्हा परकरी पोर होते. सगळं कळायचं, पण कुणी काही विचारायचं नाही, असं ते वय.

हल्ली नाक टोचायला दुकानात नेतात. बंदूक लावली, टच्च झालं, संपलं. परवा नात टोचून आली आणि मला विचारते, आजी, तुमच्या वेळी दुखायचं का गं? मी म्हटलं, आधी चहा टाक. एवढ्याशा प्रश्नाला उत्तर म्हणून काय काय सांगायचं? पण त्या दिवसापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकते.

माझे कान टोचले ते मला चांगलं आठवतं, कारण आमच्या घरात जरा उशिराच टोचले. सोनार पौडहून आला होता. त्यानं माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरली आणि बराच वेळ चोळली. चोळून चोळून पाळी बधिर झाली की तार कधी आत गेली ते कळतसुद्धा नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. साफ खोटं. कळतं, चांगलं कळतं. पण माझं डोकं आईच्या मांडीवर होतं. तिनं ते पोटाशी आवळून धरलं होतं आणि तार आत जाताना माझ्याआधी तिनंच सुस्कारा टाकला होता. सोनाराला तिनं दोन शिव्याही हासडल्या. मग माझ्या तोंडात गूळखोबरं कोंबलं आणि कानाला हळद-तेल लावताना इतकी फुंकर घातली, की मला गुदगुल्या व्हायला लागल्या. तशी होती माझी आई. हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं वाचून कुणी तिला दगड म्हणेल. मीही म्हटलं होतं.

माझ्या पाठीवर दोन भाऊ झाले आणि दोन्ही गेले. पहिला चांगला चालता-बोलता होता. त्याच्या वेळी आईनं जमिनीवर डोकं आपटून घेतलं, शेजारच्या बायकांना तिला धरून ठेवावं लागलं. दुसरा अजून रांगत होता. तो गेला तेव्हा ती नुसती बसून राहिली. बायका म्हणाल्या, रड बाई, रडून मोकळी हो. तिनं त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हैस पाण्यावर नेली का, असं मला विचारलं. सोनारानं चोळलेल्या पाळीसारखी झाली होती ती. नंतर तिसऱ्यांदा दिवस राहिले, तर ते पोटसुद्धा दुसऱ्या कुणाचं असल्यासारखी ती वागायची.

तिसरा झाल्याचं कळताच आत्या भुकूमहून आली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिच्याकडं प्रत्येक गोष्टीचा नियम होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. तिनं घरात पाऊल टाकलं आणि सांगितलं, हे पोर आपलं नाही. सटवाईनं दोन नेली, आता तिला फसवायचं. पोराला उकिरड्यावर टाकायचं. जी बाई उचलेल ती त्याची आई. त्याची उजवी नाकपुडी टोचायची, परकर नेसवायचा, वेणी घालायची. आईबापानं त्याला आपलं म्हणायचं नाही, कौतुक करायचं नाही. पोर मोठं झालं, धोका टळला, की सूपभर कोंडा देऊन त्या बाईकडून परत विकत घ्यायचं आणि नाकातलं काढून टाकायचं. उकिरड्यावरचं, भोक पाडलेलं, परक्याचं पोर कोण कशाला नेईल, असा त्यातला हिशेब. यात नवल काही नव्हतं. आमच्या शिवारात तेव्हा नाकाला बुजलेलं भोक असलेले चांगले मिशीवाले म्हातारे होते, आणि त्यांना कुणी हसत नसे.

उचलायला आत्यानं मणेरीण ठरवली. मणेरीण म्हणजे पौडच्या बाजारात बांगड्यांचं दुकान असलेली मुसलमान बाई. सणासुदीच्या आधी डोक्यावर टोपली घेऊन ती आमच्या गावात बांगड्या भरायला यायची. तिचं एकही पोर दगावलं नव्हतं. शिवाय सटवाईला तिच्या घरचा रस्ता ठाऊक नाही, असं आत्याचं म्हणणं. मणेरीण बोलायची आमच्यासारखंच. फक्त तिच्या कानाची अख्खी कड टोचलेली होती आणि तिच्यात चांदीच्या बाळ्या ओळीनं लोंबायच्या. मान हलवली की बारीक वाजायच्या. बांगड्या भरताना आम्ही पोरी त्या बाळ्यांकडंच बघत बसायचो, त्यामुळं हात आवळलेला कळायचा नाही.

आत्यानं पोर फडक्यात गुंडाळून उकिरड्यावर ठेवलं. मणेरीण ठरल्याप्रमाणं वाटेनं आली, टोपली उतरवली, त्याला उचललं. एवढंच करायचं होतं. पण तिनं त्याच्या अंगावरचा पाचोळा झाडला, त्याला पदरात घेतलं आणि सगळ्यांच्या देखत त्याचे पटापट मुके घेतले. तिला घेता येत होते, तिचंच होतं ते. मग ती दाराशी आली आणि आईला म्हणाली, बाई, माझं पोर सांभाळा, दूध पाजा, मी येत जाईन. आईनं त्याला घेतलं आणि मान दुसरीकडं केली.

नाकात घालायचं ते मालकिणीचंच हवं, असा आत्याचा आणखी एक नियम निघाला. मणेरणीनं जराही मागंपुढं न बघता उजव्या कानाची सगळ्यांत खालची बाळी सोडवली आणि सोनाराच्या हातावर ठेवली. त्यानं ती कापून, वळवून लहान केली. त्या दिवशी सोनारानं नाकपुडी चोळली की नाही ते मला आठवत नाही. पाय मात्र आठवतात. एवढेसे पाय, पण काय जोर होता त्यांच्यात. सगळे गेल्यावर आई विळा घेऊन पुढं आली. पोराच्या नाकाखाली रक्त सुकलं होतं, ते हुंदके देत होतं. ती दारात उभी राहून म्हणाली, "कुनाचं पोर रडतंया?"

आत्या खूश झाली. अशीच बोलत जा म्हणाली. तिला काय माहीत, आई ते काम इतकं मनावर घेईल म्हणून.

इतर घरांतही असली पोरं होती. त्यांच्या आया चारचौघांत त्यांना मेल्या, मुडद्या म्हणायच्या आणि दार लावून कुशीत घ्यायच्या. आमच्याकडं दार लावलं तरी तेच. त्याला जेवायला सगळ्यांच्या शेवटी. आंघोळ घालायची ती भांडं घासल्यासारखी. तापलं तर काढा द्यायची, पण कपाळाला हात लावायची नाही, मला लावायला सांगायची. तिला आई म्हणायची त्याला मुभा नव्हती. आत्या तिला वैनी म्हणायची, ते ऐकून तोही वैनी म्हणायला लागला. मणेरणीला तो अम्मा म्हणायचा. ती आली की टोपली खाली ठेवायच्या आत हा तिच्या गळ्यात. तिच्या कानाच्या कडेवर बोट फिरवत शेवटच्या रिकाम्या भोकापाशी थांबायचा आणि दर वेळी विचारायचा, इथली कुठं गेली? ती दर वेळी सांगायची, तुझ्या नाकात हाय न्हवं. मग दोघं हसायची. तेवढा वेळ आई घरामागं काहीतरी काम काढून बसायची.

मला आईचा राग यायचा का? खरं सांगायचं तर तेव्हा काही वाटायचंच नाही. घरात सगळेच तसे झाले होते. वडील शेतावरून येत, जेवत, झोपत. मी भाकऱ्या थापायची. आपल्या घरात एक परकं पोर आहे आणि ते परकंच ठेवायचं आहे, हे गोठ्यातल्या शेणासारखं रोजचं होऊन गेलं होतं. फक्त तो एकटा त्यात रुळला नव्हता. तो वाट बघत होता. रानात शेळ्यांमागं गेलो की मला विचारायचा, आक्का, बाळी काढली की मी वैनीला आय म्हनू का? मी म्हणायची, व्हय. मग ती मला काय म्हनंल? मी म्हणायची, माझं पोर म्हनंल, दुसरं काय. एवढं ऐकलं की तो खुशाल शेळ्यांमागं पळायचा. पुढल्या वर्षीही तेच विचारायचा.

शाळेत घातला तेव्हा वेणी कापली, परकर गेला, चड्डी आली. बाळी राहिली. पोरं कसली सोडतात. कुणी त्याला ए नथवाले म्हणायचं, कुणी कुंकू कुठं पुसलं म्हणून विचारायचं. तो मारामाऱ्या करून यायचा, सदरा फाडून घ्यायचा. गुरुजी पुण्याकडचे होते. त्यांनी वडिलांना बोलावून घेतलं आणि पोराचं नाक कसलं विद्रूप करताय, काढून टाका ते, असं सुनावलं. वडील नुसते ऐकून आले. त्यांनाही ते काढायचंच होतं. पहिला भाऊ गेला त्या वयाच्या पुढं हा केव्हाच गेला होता. पण विषय काढला की आई म्हणायची, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी पुन्हा पुढच्या वर्षी.

शेवटी एकदा सुगी झाल्यावर वडिलांनी कुणाला न विचारता सगळ्यांना निरोप धाडले. भात कांडून झालं होतं, नवा कोंडा घरात होता. आत्या आली. सोनार हत्यारं घेऊन आला. अम्मा ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि आईसाठी हिरवा चुडा घेऊन आली. भावाला मी आंघोळ घातली, नवा सदरा घातला. त्याचे हात थंडगार पडले होते. अंगणात एका बाजूला अम्मा बसली, समोर आई कोंड्याचं सूप घेऊन उभी राहिली आणि तो दोघींच्या मधे. आईनं सूप पुढं करायचं आणि म्हणायचं, कोंडा घ्या, माझं पोर मला द्या. एवढं म्हटलं की बाळी निघणार.

आईचे ओठ हलले. आवाज आला नाही. तिला शब्द आठवत नाहीत असं वाटून आत्यानं ते मागून सांगितले, एकदा, मग मोठ्यानं. वडील म्हणाले, म्हन की आता. आईनं पोराकडं पाहिलं. त्याच्या तोंडाकडं असं नीट बघताना तिला मी पहिल्यांदाच बघत होते. तो तर हसायच्या बेतात होता, तोंड उघडून, आय म्हणायची तयारी करून. आई म्हणाली, "तुमचंच ऱ्हाऊ द्या."

मग ती सूप घेऊन तशीच गोठ्यात गेली आणि सगळा कोंडा तिनं म्हशीच्या पुढ्यात ओतला.

सोनार गुपचूप हत्यारं आवरायला लागला. आत्यानं गोठ्याकडं तोंड करून आईचा उद्धार केला, पण तिच्याही आवाजात दम नव्हता. अम्मा एवढंच म्हणाली, भ्याली वो ती. वडील ओट्यावर बसले ते बसलेच. आणि तो रडेल म्हणून मी त्याला धरायला गेले, तर रडला नाही. त्यानं नवा सदरा काढला, घडी केली, माझ्या हातात दिला. जुना घातला आणि म्हणाला, मी अम्मासंगं जातो. कुणी नको म्हटलं नाही. कसं म्हणणार?

तेव्हापासून तो पौडला राहिला. अम्माच्या दुकानामागं एक खोली होती, तिथं. पौडच्या शाळेत जायचा, दुकानात बांगड्यांचे जोड लावायचा. मुसलमानाच्या घरात मराठ्याचं पोर राहतं, जेवतं, म्हणून गावात कुजबुज झाली. वडिलांनी एकदाच सांगितलं, पोर तिचंच हाय. पुढं लोक गप्प बसले. उलट त्यांनाही हळूहळू सवय झाली. मणेरणीचा पोरगा म्हणूनच त्याला ओळखायला लागले. सणाला तो घरी यायचा, पाहुण्यासारखा ओट्यावर बसायचा, वैनीनं वाढलेलं जेवायचा आणि जायचा.

माझ्या लग्नात मात्र मजा आली. माझं नाक तोवर टोचून झालं होतं, पण नथ इतकी जड की हुंदका द्यायचीही पंचाईत. हा माझ्याशेजारी उभा, मिसरूड फुटायला आलेली आणि नाकात बाळी. सासरच्या बायका पदर तोंडाला लावून खिदळायला लागल्या. एक जण म्हणाली, ही करवली कोण म्हणायची? तो म्हणाला, मीच करवली, ओटी भरा माझी. सगळा मांडव हसला. मी आईकडं पाहिलं. ती अक्षता वाटत होती, आणि तिच्या ओठांचा कोपरा हलला. मला दिसला तो. मग तिनं पदर ओढून घेतला.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मी माहेरी आले होते. तेव्हा पौडहून निरोप आला, पोराला मुदतीचा ताप आहे, शुद्ध नाही. आई चुलीपाशी होती. तिनं तवा उतरवला, घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली आणि निघाली. मी तिच्यामागं. पाऊस लागून राहिला होता. मला वाटलं, आता तरी. आता तरी ही धावत जाऊन त्याला मिठी मारील.

अम्माच्या दारापाशी ती थांबली. आत गेली नाही. बाहेर कट्ट्यावर बसली. अम्मा दारात आली तशी आईनं विचारलं, "तुमचं पोर कसं हाय?"

अम्मा म्हणाली, आत येऊन बघा की. आई म्हणाली, माझं काय काम आत. आणि ती तिथंच राहिली. दुकानाच्या पत्र्याखाली पोतं अंथरून झोपायची. ज्या बाईनं जन्मात कधी परक्या चुलीवरचं खाल्लं नव्हतं, ती अम्मानं हातावर ठेवलेली भाकरी मुकाट्यानं खायची. रोज उजाडलं की अम्मा दार उघडायची आणि आई तेच विचारायची. तुमचं पोर कसं हाय? रोज अम्मा सांगायची, तसंच हाय. मी आत-बाहेर करत होते. आत तो तापानं फणफणलेला, ओठ फुटलेले, नाकातली बाळी तेवढी श्वासागणिक हलत होती. बाहेर ही.

एके दिवशी माझा तोल गेला. मी बाहेर येऊन तिला नाही नाही ते बोलले. तू आई आहेस का दगड, म्हटलं. ते मरायला टेकलंय आणि तू वाटसरूसारखी चौकशी करतेस, तुला लाज कशी वाटत नाही, म्हटलं. मग माझ्या हाताला धरून तिनं मला खाली बसवलं आणि कानाशी म्हणाली, "हळू बोल. ऐकंल ती."

ती सटवाईबद्दल बोलत होती. एवढी वर्षं आम्ही सगळे तो आत्याचा खेळ विसरून गेलो होतो. ती एकटी क्षणभरही विसरली नव्हती. अंगणात सूप घेऊन उभी होती तेव्हाही नाही. माझं म्हटलं की जातं, एवढंच तिला शिकवलं होतं दोन पोरांनी. मी तिच्याशेजारी पोत्यावर बसले. मला रडू आलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ताप उतरला. सकाळी अम्मानं दार उघडलं, आईनं विचारलं, तुमचं पोर कसं हाय? अम्मा तोंड उघडणार तोच आतून आवाज आला. बारीक, घोगरा, पण स्वच्छ. "अम्मा, त्या बाईला सांग, तुझं पोर बरं हाय."

आई उठली, लुगडं झटकलं, म्हशीचं बघायला पाहिजे म्हणाली आणि वाटेला लागली. मी आत गेले. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी पाठीवर हात ठेवला, तर म्हणाला, आक्का, ती रोज इचारायची. मी रोज ऐकलं.

त्यानंतर बाळी काढायचा विषय त्यानं कधी काढला नाही. पुढं पुण्याला एका कारखान्यात लागला, तिथला फोरमन नाकातलं काढ म्हणून मागं लागला, तर यानं ते काम सोडून दुसरं धरलं. मुली सांगून यायच्या, नाक बघून परत जायच्या. मी चिडायची. म्हणायची, आता कसला नवस नि कसलं काय, उपटून टाक मेली. तो म्हणायचा, मी काढली आन् तिला कळलं, तर तिला झोप लागायची न्हाई. बस्स, एवढंच.

मधे वडील गेले. भाताच्या खाचरात कळ आली आणि तिथंच बसले. बायकांनी आईच्या बांगड्या फोडल्या. अम्मानंच भरलेल्या होत्या त्या. नाकातली मुरणी काढली. आईनं नाक पुढं केलं, काढून दिली, एक पापणी हलली नाही. मग ते भोक हळूहळू बुजत गेलं. त्या घरात नाकात दागिना असलेलं आता एकच माणूस उरलं, आणि ते पुण्याला लेथ चालवत होतं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो खूप हसला. मीही हसले. दुसरं काय करणार.

आई गेली ती थंडीच्या दिवसांत. वाचा आधीच गेली होती. आता काही खरं नाही असा निरोप मिळताच तो पुण्याहून आला, पिशवी खांद्याला तशीच, आणि ओट्यावर बसला. आत आला नाही. मी बाहेर आले तर मला म्हणाला, "आक्का, तुजी आय कशी हाय?"

मी म्हटलं, तशीच हाय. आत आईचे डोळे दाराकडं होते. तिनं ऐकलं असेल, असं मी धरून चालते. पहाटे ती गेली. तोवर तो तिथंच बसून होता.

सकाळी माणसं जमली. तयारी झाली तशी भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, अग्नी कोण देणार? एवढी वर्षं कुणी म्हटलंच नव्हतं, आता कसं म्हणणार? त्याच्याकडं बघायचं सगळ्यांनी टाळलं. कुणीतरी चुलत्याच्या पोराचं नाव पुढं केलं. अम्मा काठी टेकत तेवढ्यात आली होती, अंगणात निंबाखाली बसली होती. पार वाकली होती ती.

तो ओट्यावरून उठला आणि अंगणात ठेवलेल्या आईच्या बाजूनं घरात गेला. भिंतीवरचं सूप काढलं. कणगीशेजारच्या मडक्यातून कोंडा काढून सूप भरलं. आईनंच साठवलेला कोंडा, म्हशीसाठी. बाहेर येऊन त्यानं ते सूप अम्मापुढं ठेवलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"कोंडा घे, अम्मा," तो म्हणाला. "हिचं पोर हिला दे."

अम्मानं कोंड्यात हात घातला, मूठ उचलली, परत सोडली. "दिलं," ती म्हणाली. मग तिनं त्याची हनुवटी धरली आणि आपल्या हातानं बाळी सोडवली. आयुष्यभर बांगड्या भरलेली बोटं ती, त्याला दुखलं नसेल. बाळी तिनं मुठीत धरून ठेवली. तो आईपाशी आला, तिच्या डोक्याशी बसला, तिचं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि कानाशी वाकून म्हणाला, आय. एकदाच. मग त्यानं विस्तवाचं मडकं हातात घेतलं आणि पुढं चालायला लागला. कुणी काही विचारलं नाही.

अंगण रिकामं झालं. मी आणि अम्मा तेवढ्या राहिलो. गोठ्यात म्हैस केव्हापासून हंबरत होती, सकाळपासून तिला कुणी काही घातलंच नव्हतं. मी अम्माकडं पाहिलं, कोंडा आता तिचा होता. ती म्हणाली, घाल जा तिला. मी सूप उचललं, गोठ्यात नेलं आणि म्हशीच्या पुढ्यात कोंडा ओतला. तिनं तोंड खुपसलं आणि खायला लागली, आणि तिथं, त्या दावणीला धरून, मला रडू फुटलं.